बाळाच्या आधीचं सलाईन

पाणी गेलं तेव्हा मी टिटवाळ्याला आईकडे होते. दुपारची जेवणं व्हायची होती, कळा अजून नव्हत्या.

"पहिलटकरीण आहेस, वेळ लागतो," आई म्हणाली. "दोन घास खा, मग निघू."

"नाही आई. आत्ताच."

शेवटच्या महिन्यातल्या तपासणीत माझ्या अंगात ग्रुप बी स्ट्रेप नावाचे जंतू सापडलेले. मला त्रास काहीच नव्हता. पण आईने दबक्या आवाजात विचारलं होतं, "तुला हे कुठून लागलं गं?" डॉक्टर म्हणाल्या, पुष्कळ निरोगी बायकांमध्ये ते असतात, यात दोष कुणाचाच नाही. मात्र जन्मताना बाळाला लागले तर ते गंभीर आजारी पडू शकतं. आधी गोळ्या खाऊन उपयोग नाही, जंतू परत येतात. पाणी गेलं की लगेच शिरेतून अँटिबायोटिक हवं, बाळ यायच्या निदान चार तास आधी.

कल्याणच्या अलीकडे रस्ता खणून ठेवलेला. रिक्षा जागची हलेना आणि तिथेच पहिली कळ आली. आईने माझा हात धरला.

हॉस्पिटलातल्या ड्युटीवरच्या तरुण डॉक्टर म्हणाल्या, "अजून बराच वेळ आहे. पडून राहा, मॅडम येतीलच."

मी बोलणार तोच पुन्हा कळ आली. एरवी डॉक्टरांपुढे गप्प राहणारी आई पुढे झाली.

"हिला ते स्ट्रेप आहे. पाणी जाऊन किती वेळ झालाय! मॅडमनी औषध लगेच सुरू करायला सांगितलंय."

डॉक्टरांनी फाइल पाहिली, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी नाही ना, विचारलं आणि सलाईन लावलं.

तरी मुलीने घाई केलीच. हवे तेवढे तास भरायच्या आत ती आली. रडली खणखणीत, पण तिला नजरेखाली ठेवायचं ठरलं. नर्स येऊन ताप बघायच्या, श्वास मोजायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दूध ओढेना. मी लगेच नर्सना हाक मारली. बालरोगतज्ज्ञांनी तपासलं, रक्त घेतलं. रिपोर्ट येईपर्यंत आई आणि मी एकमेकींकडे बघायचंही टाळत होतो.

रिपोर्ट चांगला आला. दुपारी तिने तोंड उघडून असं काही दूध ओढलं की मी कळवळले, आणि हसलेही.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "ताप आला, धाप लागली, दूध सोडलं, तर वाट बघू नका."

"नाही बघणार," माझ्याआधी आईच म्हणाली.