दोष वांग्याचा

पिरंगुटच्या बाजारात हसिनाचाचींचं किराणा दुकान आहे. मी त्यांचा शेजारी. तिथं साखर-चहापत्तीबरोबर निदानही मिळतं, तेही न मागता. कुणाचा खोकला, कुणाची पाठ; चाची रोगाचं नाव नंतर सांगतात, दोषी कोण ते आधी.

मग त्यांच्याच घरी नात झाली. महिन्याभरात पोरीच्या मांडीवर जांभळा, टणक फुगवटा आला. चाचींना तेवढा पुरावा पुरला. "ग्रहनात हीनानं वांगं चिरलं," त्यांनी सुनेवर निकाल दिला, "तेच उमटलंय." गल्लीनं माना डोलावल्या. जवळच्या दवाखान्यात "असे डाग आपोआप जातात" असं ऐकून आल्यावर तर चाचींना हुरूप आला. रोज कोमट तेलानं त्या मांडी चोळू लागल्या. फुगवटाही इमानानं वाढू लागला.

पोरीच्या अंगावर लाल ठिपके उठले, तेव्हा हीनानं कुणाला न विचारता तिला उचललं आणि पुण्याची बस धरली. गल्लीच्या मते हा दुसरा गुन्हा. तिचा नवरा अमजद कंपनीतून तिकडं धावला, मागोमाग चाचीही.

मोठ्या रुग्णालयात रक्त तपासलं, एमआरआय झाला. डॉक्टर उत्कर्षाताई म्हणाल्या, "ही रक्तवाहिन्यांची गाठ आहे, फार क्वचित होणारी. रक्त गोठवणाऱ्या पेशी ती स्वतःतच अडकवून ठेवते. आत कुठं रक्तस्राव झाला तर जिवावर बेतेल. चोळणं आजपासून बंद. तोंडातून औषध देऊ, रक्त तपासत राहू." मग हीनाकडं वळून म्हणाल्या, "यात आईची काही चूक नाही."

चाचींना सगळं पटलं, एवढं शेवटचं सोडून.

"मग चूक कुनाची?"

"कुणाचीच नाही."

एवढ्या मोठ्या दवाखान्यात साधा गुन्हेगार सापडू नये, याचं चाचींना फार वाईट वाटलं.

औषधानं गाठ हळूहळू मऊ पडली, रक्त गोठवणाऱ्या पेशी पुन्हा वाढल्या, पोर खिदळायला लागली. ते बघून माझेसुद्धा डोळे भरून आले.

परवा दुकानात एक बाई रडत आली. कडेवरच्या बाळाच्या पाठीवर तसाच फुगवटा. सासू म्हणे हिलाच बोल लावत होती. चाची म्हणाल्या, "चोळू नगंस. थेट मोठ्या दवाखान्यात ने. आन रडू नगं, तुजी कायबी चूक न्हाई."

आत डाळीच्या पुड्या बांधणारी हीना उठून बाहेर आली.

"अम्मी, हे मलाबी एकदा म्हना की."

चाचींनी तराजू पुसायला घेतला.