चुन्याच्या रेघांतली पंगत

आर्विड टोलेफ्सरुड तीस वर्षं आमच्या मिनेसोटातल्या कॉलेजात वास्तुकला शिकवत होता. "कागदावर कुणाचा हात भाजत नाही," असं तो मुलांना सांगे आणि नकाशा जमिनीवर खऱ्या मापात आखायला लावे. स्वतः मात्र त्याने थोडंच बांधलं: गोठे, दोन दुकानं, एक छोटी शाळा. म्हणूनच बासष्ट साली आमच्या चर्चला जेवणाचा नवा हॉल हवा झाला, तेव्हा समितीचा अध्यक्ष लॉइड हाउगेन म्हणाला, "मास्तरांनी शिकवावं. नकाशा शहरातून तयार मिळतो."

आर्विडचा नकाशा घ्यायचा की शहरातला, यावर रविवारी चर्चमध्ये मतदान होतं. आपल्या गावात आपली एक तरी मोठी इमारत उभी राहावी, एवढीच आर्विडची इच्छा. आणि निवृत्तीला दोनच वर्षं उरलेली.

शनिवारी त्याने विद्यार्थ्यांकडून चर्चमागच्या मैदानात आपला हॉल चुन्याने आखून घेतला, बाकं मांडली, समितीसह सगळ्यांना जेवायला बोलावलं आणि आम्हा स्वयंपाकवाल्यांना म्हणाला, "इथेच वाढा. भिंतीतून जायचं नाही हं!"

"भिंत दिसली तर ना!" बोर्गहिल्डबाई म्हणाल्या. चर्चचं स्वयंपाकघर चाळीस वर्षं त्यांच्याच ताब्यात.

खिम्याचे गोळे, बटाटे वाढून झाले. बाई कॉफीची किटली घेऊन आखलेल्या स्वयंपाकघराच्या एकुलत्या दारातून निघाल्या आणि खरकट्या ताटल्या घेऊन आत येणाऱ्या आमच्यातल्याच इंगावर आदळल्या. कॉफी लॉइडच्या पँटवर!

"बघा! ही मास्तरांची इमारत!" लॉइड ओरडला.

आर्विड उठला, बुटाने रेघ पुसली आणि पलीकडे दुसरं दार काढलं. "चूक माझीच. विटांत बांधली असती तर जन्मभर भोगावी लागली असती. आता तुझा नकाशा आखू, लॉइड."

त्यात स्वयंपाकघर तळघरात निघालं. बाईंनी भरलेली किटली लॉइडच्या हाती दिली. "चर्चच्या जिन्यावर दहा खेपा घाल बाबा. मग माझं मत तुला."

तिसऱ्या खेपेला लॉइड पायरीवर बसला आणि स्वतःच हसायला लागला.

रविवारी आर्विडच्या बाजूने एकशे चौदा हात वर झाले, विरुद्ध सात. लॉइडचा हात सगळ्यांत आधी. पुढच्या वर्षी नव्या हॉलमध्ये दोनशे माणसं जेवून उठली, कुणी कुणाला धडकलं नाही.

त्यानंतर कॉलेजच्या परीक्षेला आर्विडने शहरातल्या दोन नामवंत वास्तुविशारदांशेजारी बोर्गहिल्डबाईंना परीक्षक म्हणून बसवलं, सोबतीला मलाही बोलावलं. नामवंत काचेच्या भिंतींवर बरंच बोलले. बाई एका विद्यार्थ्याच्या नकाशावर वाकल्या.

"छान आहे रे पोरा. भांडी कुठे घासायची?"

पोराने खोडरबर काढला. मागे खिशात हात घालून उभा असलेला आर्विड इतका खूश मी कधीच पाहिला नव्हता.