आमच्या बाजूची अंपायर

दुष्काळाच्या वर्षी मिरजगावचं तळं आटलं आणि पोरांना क्रिकेटला सपाट मैदान मिळालं. सरकारी खडीकामाला सुट्टी असली की सगळी तिथेच.

गावाकडच्या मॅचचा रिवाज असा, की जी बाजू बॅटिंग करते तिचाच माणूस अंपायर. म्हणजे चोरीचा तपास चोराकडेच. आमची एकही मॅच भांडणाशिवाय संपत नव्हती. एकदा तर स्टंप उपटून हाणामारी झाली.

मी तेव्हा कॉलेजातून गावी आले होते आणि युवक मंडळाची पत्रकं लिहून वाटत फिरायचे. समतेवर लिहिलेल्या माझ्या पत्रकांत भेळवाला भेळ बांधायचा. मंडळात मुली हव्यात असं मी म्हटलं, तेव्हा सरपंच मोठ्या मनाने म्हणाले, येऊ द्या की, पोरांना पाणी द्यायला बऱ्या. माझं डोकं फिरलं. पाणी तर त्या दिवसभर वाहतातच, त्यासाठी मंडळ कशाला? मी सांगितलं, मुली अंपायर होतील. बैठक पोट धरून हसली. शेवटी सरपंचांनी अट घातली. नागापूरच्या कारखान्यातल्या पोरांशी मॅच ठरली आहे, तेवढी एक बघू. भांडण झालं तर पोरी घरी, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही.

मी शिंप्याच्या मुलीला उभं केलं. सातवी पास, खडीकामावर पाट्या वाहणारी. तिचा थोरला भाऊ आमचा कॅप्टन. अंगणात त्याला बॉल टाकून टाकून खेळाचे नियम तिला पाठ झालेले. मी तिला एवढंच बजावलं, की बोट वर केलंस की खाली घ्यायचं नाही.

पहिली बॅटिंग आमची. ती अंपायरच्या जागेवर गेली तेव्हा बांधावरून शिट्ट्या आल्या. तिने वर पाहिलंही नाही. भाऊ चांगला जमला होता. मग एक बॉल बॅटची कड घेऊन किपरच्या हातात गेला. आवाज इतका बारीक, की नागापूरवाल्यांनीही अर्धवटच अपील केलं. गावची अंपायर काय देणार, हे त्यांनी धरलंच होतं.

तिने बोट वर केलं.

भाऊ जागचा हलेना. सरपंच उठून उभे राहिले. आता संपलं, असं मला वाटलं.

"तू घरी चल, मग बघतो," भाऊ म्हणाला.

"घरी तू दादा हायस," ती म्हणाली. "हितं औट हायस."

आधी नागापूरचा बॉलर हसला, मग बांधावरच्या म्हाताऱ्या, मग सगळेच. भाऊ बॅट काखेत मारून निघाला. माझ्याजवळून जाताना पुटपुटला, "लागला हुता खरा."

डाव बदलला. रिवाजाप्रमाणे आता अंपायर नागापूरचा. त्यांच्या कॅप्टनने आपल्या माणसाला मैदानात आणलं, तिच्याकडे पाहिलं आणि त्याला परत धाडलं. सरपंचांना म्हणाला, "ताईच राहू द्या. आमची काय तक्रार न्हाई."

मॅच आम्ही हरलो. मला त्याचं काडीचंही दुःख झालं नाही. मी ताठ मानेने बांधावर गेले. सरपंचांनी खाकरून विचारलं, अजून कोण पोरी तयार आहेत? मी म्हटलं, विचारून सांगते.

विचारावं लागलं नाही. मुली केव्हाच मैदानात उतरून तिच्याभोवती जमल्या होत्या. ती त्यांना एल्बी समजावून सांगत होती, आणि दाखवायला म्हणून तिने भावालाच स्टंपपुढे उभं केलं होतं.