गाय पाळायची ती वैशाखात

हौसामावशी आल्यागेल्याला ‘या’ म्हणायच्या आधी गायीच्या डाव्या कुशीला कान लावायच्या. आत पोट चालल्याची गुरगुर ऐकू आली की म्हणायच्या, “पेटलीया चूल. बसा आता.” मी गुरांच्या दवाखान्यातला नवा डॉक्टर, गळ्यात स्टेथोस्कोप. मला वाटलं, ही बाई माझी थट्टाच करतेय.

त्या दिवशी वडिवळ्यात धो धो पाऊस होता. सगळे डोंगर हिरवेगार, आणि मावशी गायीपुढे भाताचा वाळका पेंढा टाकत होत्या. मी हसलो. “मावशी, एवढा हिरवा चारा असताना हे काय?”

“लेका, कवळं गवत म्हंजी नुस्तं पानी. त्याच्यावरच ठिवली तर ढाळ लागंल. पोटात धरायला वाळकं नगं व्हय?”

त्या आठवड्यात जुलाब लागलेली जेवढी गुरं मी तपासली, ती सगळी नुसत्या हिरव्यावर सोडलेली होती.

मावशींचा सगळा जीव घरामागच्या माळावर. दसरा झाला की तिथलं गवत कापायचं, वाळवायचं, गंजी रचायची. तीच गंजी उन्हाळ्यात गायींना तारायची. “पावसाळ्यात कुनीबी गाय पाळंल,” त्या ठणकावायच्या, “गाय पाळायची ती वैशाखात!”

आणि नेमका तोच माळ एका बंगलेवाल्या साहेबांच्या डोळ्यांत भरला. मागे डोंगर, पुढे धरणाचं पाणी. मावशींचा मुलगा दामू विकायला एका पायावर तयार. पण माळ मावशींच्या नावावर. साहेब मोटारीतून पेंड-भुशाच्या खुराकाची पोतीच घेऊन आले. “आजी, गायींना जन्मभर हे पुरवतो. मग गवत हवंय कशाला?” दामूने मला मध्ये घातलं. “डॉक्टर, तुमी सांगा तिला.” मी मूर्ख! म्हणालो, “खुराक चांगला आहे, मावशी. गवत काय, विकत मिळेल.” आजही त्याची लाज वाटते.

मावशींनी एका पाटीत खुराक आणि दुसरीत गवत ठेवलं, आणि कपिलीला सोडलं. गाय थेट खुराकावर! गवताकडे ढुंकूनही बघेना. साहेब टाळी वाजवून हसले. दामूही हसला.

मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या. “पोराम्होरं भाकर आन् चिक्की ठिवा. कशाला हात घालील? चिक्कीला! म्हनून काय त्याला चिक्कीवर जगवाल? खुराक मूठभर, गवत पोटभर. आन् इकत म्हनं! समद्यांनी माळावर बंगलं बांधल्यावर वैशाखात गवत इकनार कोन? मी अंगठा न्हाई द्यायची. जावा!”

साहेब गेले. दामू कित्येक दिवस आईशी बोलला नाही. दसऱ्यानंतर मावशींनी एकट्यानेच गंजी रचली. मग त्या अंथरुणाला खिळल्या, आणि गुरांचं काम दामूच्या गळ्यात पडलं.

चैत्र संपता संपता मावशी गेल्या. दहावा झाल्यावर मी भेटायला गेलो, तर साहेबांची मोटार आधीच गोठ्यासमोर उभी. “दामूशेठ, आता तर काही अडचण नाही.” खरंच नव्हती, माळ आता दामूचाच होता. आणि मला बोलायला तोंड कुठे होतं?

दामू गोठ्यात गेला. कपिलीच्या डाव्या कुशीला कान लावला. मग बाहेर आला.

“साहेब, गाडी जरा मागं घ्या. वैशाख लागलाय, गंजी मोडायचीय.”