माझ्या नावचा पगार

चंद्रपूरहून गडचिरोलीला जाणाऱ्या एसटीत मी खिडकीपाशी बसले होते. पावसाळा सरत आला होता. मूल गाव मागे पडलं आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना धान सुरू झालं, इतकं हिरवं की डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत तोच रंग राही. वाहक आला तेव्हा मी पाचशेची नोट पुढे केली.

"सुटे नाई काय बाई?" तो म्हणाला. "बायांले अर्धंच तिकीट हाये आता."

मला ते माहीत नव्हतं. दहा वर्षांत मी एसटीत चढले नव्हते. गाडी, चालक, विमान, पुन्हा गाडी, असाच सगळा प्रवास. त्यात कुठेही कुणी मला तिकीट विचारलं नव्हतं.

ज्याच्यासोबत चौदा वर्षं संसार केला तो गायक आहे. नाव सांगत नाही. सांगितलं तर पुढचं सगळं त्याच्याबद्दल होईल. आमची ओळख नागपूरला कॉलेजात झाली. तेव्हा तो गॅदरिंगमध्ये गायचा आणि चहाचे पैसे बहुतेक वेळा मीच द्यायचे. लग्नानंतर तीन-चार वर्षांतच तो घराघरात पोचला. आम्ही मुंबईत बाविसाव्या मजल्यावर राहायला गेलो. तिथून समुद्र दिसे, पण त्याचा आवाज येत नसे. मी तासन्‌तास काचेशी उभी राही. लाटा यायच्या, फुटायच्या, आणि खोलीत फक्त एसीची घरघर. त्या घरातल्या बऱ्याच गोष्टी मला आता तशाच आठवतात, आवाज बंद केल्यासारख्या.

तो वाईट माणूस नव्हता. त्यानं कधी हात उगारला नाही, खर्चाला कधी अडवलं नाही. माझ्याकडे कार्ड होतं, ते त्याच्या खात्याचं. एकदा त्याच्या वाढदिवसाला मी त्याच्यासाठी तंबोरा घ्यायचं ठरवलं. दुकानात अर्धा दिवस बसून, एकेक तंबोरा कानाशी लावून एक निवडला. पैसे दिले आणि दुकानाच्या पायऱ्या उतरते न उतरते तोच त्याचा फोन.

"अगं, एवढे पैसे कुठे गेले? कुणी फसवलं का तुला?"

बँकेचा मेसेज त्याच्या फोनवर गेला होता. मी खरं काय ते सांगितलं. तो मनापासून हसला आणि लाडानं म्हणाला, "वेडी आहेस. माझ्याच पैशांनी मलाच भेट."

त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते आत रुतून बसलं. भांडता आलं असतं तर बरं झालं असतं. मी तंबोरा घेऊन घरी गेले, त्यानं माझ्या कपाळाचा मुका घेतला, आणि मला पहिल्यांदा वाटलं की या घरात मी दिलेलं असं काहीच नाही. पुढे दोन वर्षांनी आम्ही वेगळे झालो. कारणं आणखीही होती. ती त्याचीही आहेत, म्हणून इथे लिहीत नाही. वकिलानं दर महिन्याची रक्कम ठरवून दिली. मी सही केली.

गडचिरोलीला आले कारण माझं लहानपण या जिल्ह्यातलं. वडील जंगल खात्यात गार्ड होते. आलापल्लीच्या पलीकडे, जिथे त्यांची नेमणूक होती तिथे, आमच्या क्वार्टरला लागून गोंडांची घरं होती. मी त्यांच्याच पोरींत वाढले. त्यांच्यासोबत मोहफुलं वेचली, नदीत डुंबले, आणि गोंडी कधी शिकले ते कळलंही नाही. आई-वडील आता नाहीत. वडिलांच्या ओळखीच्या एका निवृत्त नर्सबाईंनी त्यांच्या घरावरच्या दोन खोल्या मला भाड्यानं दिल्या.

तो हिवाळा मी जवळजवळ झोपेतच काढला. सकाळी धुकं गच्चीपर्यंत चढे आणि समोरची झाडं विरघळून जात. मी चादर गुंडाळून बसे. खालून नर्सबाईंच्या चुलीचा धूर येई आणि त्या वासाबरोबर मी कुठल्या कुठे जाई. शेकोटीपाशी हात शेकणारे वडील, पाण्यात बुडालेली माझ्या परकराची किनार. महिन्याच्या एक तारखेला फोन वाजे, पैसे जमा झाल्याचा. मी भाडं देई, भाजी आणी, आणि पुन्हा धुक्यात जाऊन बसे. मी सुटले होते, पण अजून कुठे पोचले नव्हते.

मे महिन्यात नर्सबाईंची साखर वाढली. त्यांना घेऊन मी गावाबाहेरच्या एका दवाखान्यात गेले. आमच्या पुढे एक म्हातारी गोंडीण होती, सोबत तिची सून. सूनही मराठी जेमतेमच बोलणारी. तरुण डॉक्टर पश्चिम महाराष्ट्रातून नुकताच आलेला, बिचारा हातवारे करून विचारत होता, कधीपासून दुखतं. म्हातारी बराच वेळ बोलली. त्यातला एकच शब्द त्याला कळला, मोहा.

"दारू बंद करावी लागेल आजी," तो मोठ्यानं म्हणाला.

म्हातारीला सुनेनं ते कसंबसं समजावलं. तिनं पदर सारखा केला आणि उठायला लागली.

मी रांगेतूनच म्हणाले, "डॉक्टर, त्या दारू पीत नाहीत. मोहा वेचायच्या दिवसांपासून दुखतंय म्हणतात. टोपली उचलली की छातीत दाटून येतं, मग अर्ध्या वाटेत बसावं लागतं."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. मी म्हातारीपाशी जाऊन बसले आणि तिच्या भाषेत बोलले. किती वर्षांनी ते शब्द तोंडात आले होते. पहिली दोन वाक्यं अडखळली, मग आपोआप वाहायला लागली. म्हातारीनं माझी हनुवटी धरून विचारलं, "कोणाची गं तू?" मी वडिलांचं नाव सांगितलं. ती त्यांना ओळखत नव्हती, पण हात सोडला नाही. तपासणीअंती तिच्या हृदयाचा त्रास निघाला आणि तिला तिथेच ठेवून घेतलं.

निघताना डॉक्टर मागोमाग दारापर्यंत आला. "ताई, उद्याही याल का? असे पेशंट रोज येतात."

मी हो म्हणणारच होते. असं हो म्हणायची मला सवय होती. गायकाची बायको म्हणून मी कितीतरी संस्थांच्या कार्यक्रमांत फुकट बसले होते, दिवे लावले होते, हसले होते. पण नर्सबाई मध्येच बोलल्या.

"येईल. पण फुकट काऊन येईल? मी तीस वर्षं नोकरी केली, फुकट एक सुई नाई टोचली. तिले पगार द्या."

माझे कान तापले. रिक्षात बसल्यावर मी म्हणाले, "बाई, असं तोंडावर मागायचं असतं का?"

"तूच मागाले पायजे होतं," त्या म्हणाल्या. "तुले लाज वाटून राह्यली म्हणून मी मागलं. पुढच्या खेपेस तू मागजो."

आठ दिवसांनी मला कंत्राटी कामावर घेतलं. काम म्हणजे पेशंटच्या शेजारी बसायचं आणि दोन्हीकडचं बोलणं इकडून तिकडे न्यायचं. पहिला पगार आला त्या दिवशी एका बाळंतिणीपाशी होते, म्हणून फोन बघितला नाही. संध्याकाळी बघितला. मेसेज माझ्या फोनवर आला होता, आणि जगात दुसऱ्या कुणाच्याही नाही. मी वऱ्हांड्यातल्या बाकावर बराच वेळ बसून राहिले. समोर गुलमोहर पेटला होता आणि त्याखाली नातेवाईक भाकरी सोडून बसले होते. सगळं दूरचं वाटत होतं आणि तरी प्रत्येक आवाज ऐकू येत होता.

तीन महिन्यांनी वकिलाला कळवलं, रक्कम पाठवणं थांबवा. ते म्हणाले, "तो तुमचा हक्क आहे, नीट विचार करा." त्यांचं बरोबर होतं. ज्या बाईला लेकरं आहेत, छप्पर नाही, तिनं तो हक्क सोडू नये. मी तिला तसंच सांगेन. मला फक्त एक तारखेला फोनची वाट बघायची नव्हती. पैसे थांबले आणि पहिले दोन महिने मी खरंच घाबरले. तेलाची बाटली उलटी करून ठेवायला शिकले. कानातले हिरे विकले.

दिवाळीनंतर तो आला. नागपूरला कार्यक्रम होता, तिथून गाडीनं. कुणीतरी ओळखलं आणि दवाखान्याच्या आवारात फोटोंसाठी गर्दी झाली. मी आत होते, बाहेर येऊ शकत नव्हते. तो बाकावर पेशंटांमध्ये जवळजवळ तासभर बसला. मी बाहेर आले तेव्हा त्याच्या शेजारची बाई त्याला सीताफळ फोडून देत होती. तो कोण हे तिच्या गावीही नव्हतं.

"किती देतात तुला इथे?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. तो हसला नाही.

"पुरतं?"

"पुरवते."

तो सीताफळाच्या बिया मुठीत धरून बसला होता, कुठे टाकाव्या ते न कळून. मग म्हणाला, "दवाखान्याला एक ॲम्ब्युलन्स देऊ का? तुझ्या नावानं."

"दे," मी म्हणाले. "लोकांना हवीच आहे. पण माझ्या नावानं नको. आत डॉक्टर आहेत, त्यांच्याशी बोल."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं कॉलेजात मी चहाचे पैसे देताना बघायचा. मग उठून खरंच आत गेला. मला आतून हाक आली, एक नवीन पेशंट आला होता. त्यांचं काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. फाल्गुनात गाडी आली. तिच्यावर कुणाचंच नाव नव्हतं.

यंदा एप्रिलमध्ये मी पगारातून कूलर घेतला. गेल्या उन्हाळ्यात दुपारी नर्सबाईंच्या खोलीत जाऊन पडत होते. हा लोखंडी, मोठा, वाळ्याच्या ताट्या लावलेला. दोघा माणसांनी तो जिन्यावरून वर चढवला, नर्सबाईंनी खालून सूचना दिल्या. रविवारी दुपारी मी त्यात पाणी भरलं आणि बटण दाबलं. ओल्या वाळ्याचा वास खोलीभर झाला. बाहेर ऊन पांढरं झालं होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी गार फरशीवर आडवी झाले. खालून नर्सबाईंनी विचारलं, "हवा येऊन राह्यली काय वं?" मी हो म्हणाले बहुतेक. मला गाढ झोप लागली होती.