जपानच्या स्टिकरखाली थायलंड

मंडळी, आज अक्षरशः शिसारी आली.

परवा रविवार कारंजा चौकाजवळच्या एका दुकानातून कॅमेऱ्याची जुनी लेन्स घेतली. अगदी तशीच थायलंडची स्वस्तात मिळत होती, पण मी 'मेड इन जपान' बघून जास्त पैसे मोजले.

आज दुपारी पुसताना तो जपानवाला स्टिकरच निघून हातात आला. खाली छापलेलं, 'मेड इन थायलंड'!

तडक दुकान गाठलं. मालक ओशाळलासुद्धा नाही. म्हणाला, "दादा, फोटोत काही फरक पडला का? आणा इकडे, स्टिकर परत चिकटवून देतो. विकताना तुम्हालाच चांगला भाव मिळेल."

चरफडत घरी आलो आणि आपली फोटोग्राफीची कम्युनिटी उघडली. याच 'जपानी' लेन्सचे म्हणून सकाळी टाकलेल्या माझ्या गोदाकाठच्या फोटोंखाली तुमच्या कमेंट्स होत्या: "जपानी काच ती जपानीच!"

आता तुम्हीच सांगा, शिव्या नेमक्या कुणाला घालू?