मंगरूबाबांचा बाण

गेली काही वर्षं मी पुण्याजवळ शनिवार-रविवारची रानात राहायची शिबिरं घेतो. काडेपेटीशिवाय आग, पाल्याचं छप्पर, दगडाचं पातं, असलं सगळं. लोक हौसेनं येतात, हात पोळून घेतात आणि फोटो टाकतात. एकच गोष्ट मला कधी धड शिकवता आली नाही, ती म्हणजे बाण. माझ्या बाणाचं टोक दोन-तीन नेमांतच निसटून गवतात जायचं आणि अर्धं शिबिर ते शोधत बसायचं. व्हिडिओ पाहून पाहून डोळे शिणले. शेवटी ठरवलं, ज्याच्या हातात ही विद्या आहे त्याच्यासमोरच जाऊन बसायचं.

वर्ध्याला नालवाडीत माझा कॉलेजचा मित्र मिलिंद राहतो. त्याच्या कानावर घातलं होतं, पण तो विसरला असणार असं धरून चाललो होतो. जानेवारीत त्याचा फोन आला. "अबे, कारंज्याच्या पलीकडं एक बुढा हाय, सोमाजी उईके. लोखंडी टोकाचे बान बनवते. पन आता त्याचे डोये गेले, हात बी कापते. त्यालेच कोनीतरी मानूस पाह्यजे हाय. उद्याच निघ, उशीर करू नको."

घाई कसली, ते त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. माझं लक्ष सामानाच्या यादीवर होतं.

पुण्याहून रात्रीच्या गाडीनं निघालं की सकाळी वर्धा येतं. स्टेशनबाहेर तर्री-पोहे खाऊन घ्या. तर्री बेतानं मागा, मी बेतानं मागितली नाही आणि आर्वीपर्यंत पाणी पीत राहिलो. नालवाडीत मिलिंदकडे आंघोळ उरकली. त्याच्या बायकोनं तुरीच्या सोल्यांची आमटी-भाकरी वाढली आणि आर्वीमार्गे कारंज्याला जाणाऱ्या दुपारच्या एसटीत बसवून दिलं. रस्ता बरा आहे. दोन्ही बाजूंना वेचून संपत आलेला कापूस आणि संत्र्याच्या बागा. कारंजा म्हणजे अमरावती हायवेवरचं गाव, ट्रक आणि ढाबे. पुढं लागणारं सगळं इथंच घ्या, विशेषतः टॉर्चचे सेल. तिथून ऑटो मिळतो, पण तो पुलापर्यंतच येतो. शेवटचं अर्ध्या तासाचं अंतर पायी. गावाचं नाव देत नाही. का, ते पुढं कळेल.

सोमाजीबाबांचं घर टेकडीच्या पायथ्याशी, मातीचं, नीट सारवलेलं. ओसरीवर खाटेवर एक म्हातारा पडलेला होता. चादरीखाली माणूस आहे हे मोठ्या मुश्किलीनं कळावं, इतका वाळलेला. खाटेजवळ सोमाजीबाबा बसले होते. वय सत्तरीच्या पुढं, दोन्ही डोळ्यांवर पांढरा पडदा. त्यांनी माझे हात हातात घेतले आणि बोटं चाचपली. बाजारात जनावर पाहावं तसं.

"बोटं बरे हाय," ते म्हणाले. "हा माह्या भाऊ, मंगरू. डाक्टरनं घरी न्याले सांगितलं. चार-पाच दिवस हाय म्हनते. तेवढ्यात बान झाला पाह्यजे."

मी शिबिरासाठी कला शिकायला आलो होतो आणि इथं एका माणसाच्या मरणाची तयारी चालली होती. उलट पावली फिरावंसं वाटलं, हे कबूल करतो. पण बाबांची सून वनिता चहा घेऊन आली. माझ्या येण्यानं तिच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली, ती पाहून पाय निघेना.

रिवाज त्यांनी चहा पिता पिता सांगितला. हा सगळ्यांचा नाही, त्यांच्या घरचा आणि फार तर शेजारच्या दोन-तीन घरांचा. माणूस गेला की त्याला मातीत ठेवताना भावानं बनवलेला बाण हातात देतात. पण टोक काढून. लाकूड त्याच्यासोबत जातं, लोखंड घरी परत येतं. ओसरीच्या मधल्या खांबात अशी पाच टोकं ओळीनं ठोकलेली होती. आजा, बाप, दोन काका आणि एक थोरला भाऊ. सर्वांत जुनं गंजून नखाएवढं उरलं होतं.

"आता शिकार कोनी करत नाई," बाबा म्हणाले. "गुन्हा हाय. आता बान बनते तो मातीतच जाते."

मी हे सगळं वहीत लिहून घेतलं. 'टोक काढतात' हे शब्दसुद्धा. ती वही आत्ता समोर आहे.

दुसऱ्या दिवशी कामाला लागलो. बोटाएवढा भरीव बांबू बाबांनी आधीच सावलीत वाळवून ठेवला होता. तो निखाऱ्यावर शेकायचा, वाक दिसेल तिथं गुडघ्यावर दाबायचा, पुन्हा शेकायचा. मला सरळ वाटायचा, पण बाबा ओठांवरून काडी फिरवून सांगायचे, "इथं पोट हाय." आणि तिथं पोट असायचंच. दुपारपर्यंत माझे दोन्ही अंगठे भाजले. मागच्या टोकाला घरच्याच कोंबड्याची पिसं बसवली. लोखंडी टोक कारंज्याच्या लोहारानं घडवलेलं होतं. त्याला खाली बोटभर लांब शेपटी असते. ती तापवून बांबूत जाळत घुसवायची, मग बाहेर काढून भोकात पातळ केलेली लाख भरायची, पुन्हा शेपटी बसवायची आणि गळ्याशी पळसाच्या मुळ्यांचा वाख, म्हणजे चिवट धागा, गुंडाळायचा.

शेवटची गाठ मात्र बाबा स्वतः मारणार होते. ती मारली की बाण त्यांचा. गावाला तेवढंच माहीत असणार होतं.

मंगरूबाबा मधूनच डोळे उघडायचे. दोघं भाऊ आपसांत गोंडीत बोलत. मला अक्षरही कळायचं नाही. एकदा मंगरूबाबांनी माझ्याकडे बोट केलं आणि काहीतरी म्हणाले. सोमाजीबाबा हसले.

"काय म्हणाले?"

"म्हनते, हा शयरातला मानूस लय जोर लावते. बांबू रडून राह्यला."

मीही हसलो. त्या घरातलं माझं तेवढंच हसणं.

तिसरा दिवस वाईट गेला. लाख जमेना. पहिल्या खेपेला मी ती जास्त तापवली, तिला फेस आला आणि थंड झाल्यावर काचेसारखी तडकली. टोक हातात आलं. दुसऱ्या खेपेला कमी तापवली तर ती भोकात खालपर्यंत उतरलीच नाही, टोक डुगडुगायला लागलं. बाबा प्रत्येक वेळी बोटानं टोक हलवून बघायचे आणि सांगायचे, "लय घट्ट नको करू. उभं राह्यलं म्हनजे बस." मला वाटलं, म्हातारा आहे त्यात समाधान मानून घेतोय. माझ्या शिबिरात डुगडुगणारं टोक म्हणजे नापास. आणि इथं तर एका माणसाचा शेवटचा बाण होता, तो कच्चा कसा द्यायचा?

दुपारी मंगरूबाबांचा श्वास बदलला. घशातून घरघर यायला लागली. वनिता धावत अंगणात आली आणि माझ्या हातांकडे बघत उभी राहिली. उरलेली लाख एका बाणापुरतीही नव्हती.

माझ्या पिशवीत पुट्टीची नळी असते. गाडीच्या सायलेन्सरचं भोक बुजवायला वापरतात ती. मी तिनं शेगडी दुरुस्त करतो. आगीलाही दाद देत नाही, याचा मला भारी अभिमान. बाबा ओसरीवर भावाच्या उशाशी गेले तेव्हा मी गोठ्यामागं जाऊन भोकात ती पुट्टी भरली, शेपटी दाबून बसवली, वरून उरलेल्या लाखेचा हात फिरवला आणि वाख गुंडाळला. अर्ध्या तासात दगड झाली. बाबांनी टोक हलवून पाहिलं. जागचं हललं नाही. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"घट्ट झालं," ते म्हणाले.

"चांगलं झालं, बाबा," मी म्हणालो.

त्यांनी कापऱ्या हातांनी गाठ मारली. तीन वेळा सुटली, चौथ्यांदा बसली. मग बाण मंगरूबाबांच्या छातीवर ठेवला. मंगरूबाबांनी तो बोटांनी ओळखला असं मला वाटलं. मला तेव्हा स्वतःचा अभिमान वाटला होता. हे लिहायची लाज वाटते, पण वाटला होता.

चौथ्या दिवशी पहाटे ते गेले.

माती दुपारी झाली, नाल्यापलीकडच्या माळावर. चाळीसेक माणसं असतील. खड्ड्याच्या काठाला एका खापरात निखारे आणले होते. ते निखारे पाहिले आणि मला पहिल्यांदा समजलं. टोक कापून काढत नाहीत, उपटून काढत नाहीत. बाण निखाऱ्यावर धरतात, लाख वितळते आणि लोखंड आपोआप हातात येतं. म्हणून 'लय घट्ट नको'. बाबा हेच सांगत होते आणि मी वहीत लिहून घेत होतो.

सोमाजीबाबांनी बाणाचा गळा निखाऱ्यावर धरला. थोडा वेळ थांबून फडक्यानं टोक ओढलं. आलं नाही. पुन्हा धरलं. वाख जळून गळाला. पुन्हा ओढलं. लोक वाट बघत होते. कोणीतरी म्हणालं, "बाबा, अजून तापवा." त्यांनी अजून तापवलं. वरची लाख थेंब थेंब पडली, आत पुट्टी तशीच. मग बांबूनं पेट घेतला. बाबांना दिसत नव्हतं, ते धरूनच राहिले. शेवटी वनितानं त्यांच्या हातातून बाण ओढून मातीत विझवला. गळ्याशी तो काळा होऊन मोडला होता.

जळलेलं लाकूड सोबत देत नाहीत. मंगरूबाबांचा हात रिकामाच राहिला आणि त्यावर माती पडायला लागली.

परतताना मागून दोघांचं बोलणं ऐकू आलं.

"सोमाजीचा हात गेला ना बे आता."

"हो ना. भावाचा बान बी नाई जमला त्याले."

मी त्यांच्या चार पावलं पुढं चालत होतो. वळून एक वाक्य बोलायचं होतं. बोललो नाही. भीती वाटली, दुसरं काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांच्या पाया पडलो, पुलापर्यंत चालत आलो आणि कारंज्याहून मिळेल ती एसटी पकडली. बाबा तेव्हा ओसरीच्या खांबाशी बसले होते. सहावं टोक त्यांनी ठोकलं नव्हतं. त्याच्या शेपटीला जळक्या बांबूचा तुकडा तसाच चिकटलेला होता.

घरी येऊन दीड महिना झाला. तुमच्यापैकी बरेच जण विचारत होते, बाण शिकून आलात, तर कृती कधी टाकणार? कृती वर आली आहे. लाख मंद आचेवर, फेस येऊ न देता. मला ती जमत नाही, म्हणून शिबिरातून बाण काढून टाकला आहे. पुट्टीची नळीही टाकून दिली, पण त्यानं काही हलकं वाटलं नाही. गावाचं नाव दिलं नाही, कारण आणखी कोणी हौशी माणूस तिथं जाऊन बसायला नको. माझ्यासारखा एक पुरे झाला.

गेल्या रविवारी धीर करून वनिताच्या फोनवर फोन लावला. बाबांना द्यायला सांगितलं.

"बाबा, त्या बाणात मी लाख भरली नव्हती. दुसरंच काही भरलं होतं. चूक माझी होती, तुमच्या हाताची नाही."

"मले मालूम हाय," ते म्हणाले. "धुराले वास होता. लाखेचा वास तसा नसते."

"मग तिथंच का नाही बोललात?"

"बोललो असतो तं पोट्ट्यायनं तुले धरलं असतं. भावाच्या मातीवर मले मारामारी नाई पाह्यजे होती. लोकं मलेच म्हनतात, म्हनू दे. हात तं माह्या गेलाच हाय."

मी म्हणालो, "मी परत येतो. लाखेचं काम नीट शिकतो. तुमच्यासाठी..."

"माह्यासाठी बान?"

"हो."



"तू येजो, भाऊ. जेवून जाजो. पन बान नको," ते म्हणाले. "मंगरू खाली हातानं गेला. आता मी बान घेऊन त्याच्यापुढं कसा उभा राहू?"